चौकटीतली खळी

बोलणं हा माझा धंदा आहे. बसस्थानकावर दिवसभर गाड्या पुकारते. एकदा माझ्या आवाजानं दचकून एक म्हातारबाबा भलत्याच गाडीत चढले होते, तेव्हा आवाजाचं विचारूच नका. आणि माझी सख्खी थोरली बहीण, ताई, जन्मापासून ठार बहिरी. भाऊजीही तसेच. दोघं हातांनी बोलतात आणि भांडतातही हातांनीच. भांडण रंगात आलं की टेबलावरचे पेले मला आधी उचलून ठेवावे लागतात.

त्यांच्या मुलीला मात्र ऐकू येतं. घरात तिचं नाव गालावर बोट टेकवून घेतात, कारण तिथे तिला खळी पडते. मी तोंडानं हाक मारते तेव्हा खळीच म्हणते. तर आमच्या या खळीला टीव्हीवर काम लागलं. संध्याकाळच्या बातम्या सांगणारी बाई मधोमध बसते, आणि खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीत कुणीतरी तेच सगळं हातांनी सांगत असतं, ते काम. आज पहिला दिवस, तोही थेट. सकाळी निघताना तिनं आईला बजावलं, "तिथल्या साहेबांना हातांची भाषा येत नाही, ते माझं काय तपासणार? तू बघ. तुला सगळं कळलं, तरच मी उद्या जाईन."

आता आली का पंचाईत! ताई-भाऊजी याच आठवड्यात नव्या खोल्यांत राहायला आलेले. केबलवाला मंगळवारी येतो म्हणाला होता, कुठल्या मंगळवारी ते म्हणाला नव्हता. शेजारीण म्हणाली, फोनवर बघा की. ताईनं तिच्यासमोर आपली करंगळी धरली आणि नखावर बोट ठेवलं. फोनवर ती चौकट एवढीशी, त्यात बोटं वाचायची कशी? शेजारणीला पटलं.

मग मी कामावरून लवकर सुटले आणि घरात ठेवायचा अँटेना घेऊन आले. दुकानदारानं मंत्र दिला होता: खिडकीजवळ ठेवा, उंच ठेवा, लोखंडी कपाटापासून लांब ठेवा, आणि जागा बदलली की रिमोटनं चॅनल पुन्हा शोधायला लावा. ऐकायला सोपं होतं.

टीव्ही खिडकीपुढेच होता. भाऊजी त्याच्यामागे स्टुलावर चढले आणि अँटेना दोन्ही हातांनी वर धरला. ताई समोर पलंगावर बसली. आता बाकीच्या घरांत काय करतात? धरणारा ओरडतो, "दिसतंय का?" आणि बघणारा ओरडतो, "जरा डावीकडे." आमच्याकडे धरणाऱ्याचे हात गुंतले की त्याचं तोंडच बंद. भाऊजींनी विचारायला एक हात सोडला की चित्राच्या चिंध्या व्हायच्या. ताईनं "गेलं, गेलं" सांगितलं की ते घाईनं पुन्हा धरायचे, चित्र जागेवर यायचं, आणि विचारायला पुन्हा हात सुटायचा. शेवटी त्यांनी नुसत्या भुवयांनी एक शिवी दिली. ती काही मी इथे सांगत नाही.

म्हटलं, उतरा, मी बघते. पडद्याच्या दांडीला अँटेना अडकवला, चॅनल शोधायला लावले, आणि काय सांगू, चित्र असं लख्ख आलं की ताईनं टाळीच वाजवली. पण आवाज तुटत होता. बाई "आज" म्हणायची, मग खर्रर्र, मग एकदम "जाहीर केलं". काय जाहीर केलं? कुणी केलं? मला कुठलं राहवतंय, माझा तर धंदाच आवाजाचा. अँटेना काढला, फिरवला, खाली घेतला, वर घेतला.

ताईनं जमिनीवर पाय आपटला. आमच्याकडे हाक मारायची ती अशी. "काय केलंस? किती छान दिसत होतं!"

"आवाज नीट येत नव्हता," मी हातांनी म्हटलं.

दोघंही माझ्याकडे बघत राहिले. मग भाऊजींनी अगदी सावकाश विचारलं, "कुणाला ऐकायचंय?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अंगाचा नुसता तिळपापड झाला, आणि रागवायला समोर माझ्याशिवाय कुणी नव्हतं. पुन्हा दांडीला अडकवला, तर चित्र रुसलेलं. कपाटावर नाही, फळीवर नाही. बातम्यांना पाचच मिनिटं उरली. ताई उठून उभी राहिली, खाली बसली, पुन्हा उठली. आणि मी स्टुलावर चढून अँटेना खिडकीच्या वरच्या कोपऱ्याला धरला, तसे दोघांचे चेहरे उजळले. सोडला की अंधार, धरला की उजेड. अँटेनाबरोबर एक माणूसही लागतो, हे मेल्या दुकानदारानं सांगितलं नव्हतं.

भाऊजी माझ्या जागी यायला निघाले. मी डोळे वटारले, तसे मुकाट्यानं बसले. मुलगी त्यांची, बघायचं त्यांनी.

तेवढ्यात उरलासुरला आवाजही गेला. मी टीव्हीच्या मागे, हात वर, पडदा दिसत नाही, ऐकू काही येत नाही. दिसत होते फक्त ताई आणि भाऊजी. ताईनं एकदम गालावर बोट टेकवलं. भाऊजींनीही टेकवलं. म्हणजे खळी आली होती. कळतंय का ताईला? बोटं स्पष्ट पडतायत का? पोरगी घाबरली तर नाही?

ताई पुढे सरकली. तिचा हात तोंडावर गेला. भाऊजींनी कपाळाला आठ्या घालून मान हलवली, काहीतरी वाईट झालं असावं कुठेतरी. मग दोघं एकाच वेळी हसले, अगदी खो खो. काय झालं? मी हनुवटी उडवून विचारलं. कुणी बघेना. स्टुलावर पाय आपटला. पुन्हा आपटला. तेव्हा ताईनं पडद्यावरची नजर न काढता एक हात उचलला आणि मला सांगितलं, "नंतर सांगते."

लग्नात, दवाखान्यात, जेवायला बसल्यावर सगळे हसले आणि ताईनं "काय झालं?" विचारलं, की आम्ही ऐकणारी माणसं तिला हेच सांगत आलो. नंतर सांगते. ते नंतर बहुतेक वेळा यायचंच नाही. आज ते माझ्या वाट्याला आलं, आणि मला इतका आनंद झाला की स्टुलावरून पडायचीच बाकी राहिले. ताईला सगळं कळत होतं. खळी उद्या जाणार होती.

माझे खांदे भरून आले होते, डोळेही. पण बातम्या संपेपर्यंत अँटेना तसूभरही हलू दिला नाही.