टीव्हीतला लुडविक

अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या सेंट क्लेअर रस्त्यावर, स्लोव्हेनियाहून आलेल्यांच्या वस्तीत, त्या काळी लुडविक होचेवारला न ओळखणारा माणूस शोधून सापडला नसता. रविवारी चर्च सुटलं की बायका लगबगीने घरी येत, सूप चढवत आणि टीव्ही लावत. पडद्यावर लाल कोटातला लुडविक ॲकॉर्डियन छातीशी धरून उभा असे. त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं. "काकू, गॅस बारीक करा आणि काकांना खुर्चीतून उठवा!" मग पोल्काची नाचरी धून सुरू होई आणि कितीतरी घरांत सूप उतू जाई.

पोलादाच्या भट्टीवर राबणाऱ्या बापाचा हा मुलगा. बापाने स्लोव्हेनियाहून येताना कपड्यांपेक्षा जास्त जपून आणलेल्या ॲकॉर्डियनवर तो शिकला आणि लग्नांत, बारशांत वाजवत मोठा झाला. झोरा भेटली तीही अशाच एका लग्नात. नवरीची मैत्रीण म्हणून आली होती. नाचता नाचता थेट वाजवणाऱ्यांपुढे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तू वाजवतोस बरा, पण हा गाणारा कुठून धरून आणलास? याच्यापेक्षा आमचा बोकड सुरात ओरडतो."

"मग तूच गा की," लुडविक चिडून म्हणाला.

ती गायली. बँडला गायिका मिळाली, आणि वर्ष उलटायच्या आत लुडविकला बायको. तिचा धाकटा भाऊ यान्को क्लॅरिनेट घेऊन पाठोपाठ आला तो कायमचाच.

टीव्हीचं बोलावणं आलं तेव्हा गावातल्या स्टेशनला रविवारची दुपार कशीतरी भरून काढायची होती. चार रविवार बघू, असं ठरलं होतं. त्याची वर्षांमागून वर्षं झाली. लुडविक दुकानात गेला की पोरं मागून ओरडत, "काका, गॅस बारीक करा!" तो प्रत्येक वेळी टोपी काढून वाकायचा. झोरा म्हणायची, "इतका वाकू नकोस रे, एक दिवस तसाच राहशील." त्यांना मूलबाळ झालं नाही. बँड आणि रविवार, एवढाच त्यांचा संसार, आणि तो दोघांना पुरत होता.

पहिल्यांदा बिघडलं ते एका साध्या गाण्यात. झोराने पहिलं कडवं गायलं आणि दुसऱ्याच्या जागी पुन्हा पहिलंच गायलं. लुडविकने प्रेक्षकांकडे बघून डोळा मारला, सगळे हसले. मग ईस्टरला तिने पोटिका, म्हणजे सणाची गोड गुंडाळी, केली. लाटली, गुंडाळली, खरपूस भाजली, पण आत अक्रोडाचं सारण घालायचंच विसरली. यान्कोने पहिला तुकडा तोंडात टाकला. एरवी बहिणीची टिंगल केल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. त्या दिवशी मात्र त्याने आणखी दोन तुकडे मागून खाल्ले.

या विसरण्याच्या आजारावर औषध नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. स्टेशनचा मॅनेजर हॉलोवे वाईट माणूस नव्हता, पण त्याने एक तरुण गायिका बघून ठेवली होती.

"झोराबाईंना जरा विश्रांती देऊ," तो म्हणाला.

"गाते तोवर ती हसते," लुडविक म्हणाला. "घरी तेवढी हसत नाही. ती गाणार."

त्याने एक युक्ती काढली. ॲकॉर्डियन वाजवत तो तिच्या अगदी जवळ उभा राहायचा आणि प्रत्येक ओळीच्या आधी तिच्या कानाशी झुकून पुढचे शब्द सांगायचा. ती ते उचलायची आणि गायची. आवाज अजून तसाच होता, नितळ. बघणाऱ्यांना वाटे, काय हे प्रेम! या वयात बायकोच्या कानात गुजगोष्टी! बायका आपल्या नवऱ्यांना कोपर मारून म्हणायच्या, "बघा, शिका जरा."

असं दोन हिवाळे चाललं. एका रविवारी मात्र शब्द सांगूनही ती गाईना. तिने दिव्यांकडे बघितलं, मग लुडविककडे, आणि लहान मुलीच्या आवाजात स्लोव्हेनियनमध्ये म्हणाली, "आई कुठंय? मला घरी जायचंय."

माईक चालू होता. रस्त्यावरच्या घराघरांत ते ऐकू गेलं, आणि तिथे ती भाषा सगळ्यांना कळत होती.

लुडविकने ॲकॉर्डियन उतरवून खाली ठेवलं. यान्कोने न सांगता वॉल्ट्झची संथ धून सुरू केली. लुडविकने झोराचा हात धरला, कमरेला दुसरा हात घातला आणि तिला नाचवू लागला. तिचे पाय काही विसरले नव्हते. कार्यक्रमाची वेळ संपेपर्यंत ती दोघं नाचत होती आणि यान्को डोळे गच्च मिटून वाजवत होता.

पुढच्या रविवारी लुडविकने पडद्यावरून एकट्याने प्रेक्षकांचा निरोप घेतला. हॉलोवे म्हणाला, "तुम्ही तरी चालू ठेवा."

"मला घरी काम आहे," लुडविक म्हणाला.

घरी काम होतंच. तिला न्हाऊ घालायचं, भरवायचं, दाराला कडी लावायची. तो ते सगळं शिकला. मग स्टेशनने त्याचे जुने कार्यक्रम दाखवायला सुरुवात केली. एका रविवारी त्याने सहज टीव्ही लावला आणि झोरा एकदम ताठ बसली.

"लुडविक आला!" तिचा चेहरा उजळला होता.

"अगं, मी इथे आहे ना," तो शेजारून म्हणाला.

"तुम्ही जरा गप्प बसा हो," ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "ऐकू द्या."

भर लग्नात अरे-तुरे करत सुरू झालेला संसार. भांडतानासुद्धा तिने त्याला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

थोड्या वेळाने तिच्या कपाळावर आठी पडली. "ती बाई कोण त्याच्याजवळ?"

"त्याची बायको."

"गाते बरी. पण तो सारखा तिच्या कानात काय सांगतो?"

"पुढची ओळ."

झोरा पडद्याकडे आणखी सरकून बसली. "मला कुणी सांगत नाही," ती म्हणाली.

एका दुपारी तिने घास तोंडाबाहेर काढून टाकले तेव्हा लुडविकने कपाटातून लाल कोट काढला. तो पोटावर बसेना, तरी ओढून घातला, केस मागे फिरवले आणि हसत समोर उभा राहिला. झोराने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काढा तो," ती हळूच म्हणाली. "त्याला कळलं तर वाईट वाटेल."

त्याने कोट काढला. त्यानंतर रविवारी तो तिच्या शेजारी बसे आणि दोघं मिळून त्या देखण्या, भरल्या केसांच्या माणसाकडे बघत. लुडविकला कधी कधी त्याचा राग येई. मग स्टेशनने ते कार्यक्रमही बंद केले. तरी रविवार तिला कसा कळे कोण जाणे, ती टीव्हीसमोर जाऊन बसे.

"आला नाही आज."

"कामात असेल," लुडविक म्हणे.

शेवटच्या हिवाळ्यात ती अंथरुणाला खिळली. एका सकाळी तो तिचे पाय चोळत होता, तेव्हा तिने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं.

"तुम्ही फार चांगले आहात," ती म्हणाली. "लुडविक आला की मी सांगेन त्याला. तुमच्याबद्दल."

"सांगा," लुडविक म्हणाला. "जरूर सांगा."

रस्त्यावरचा बर्फ वितळायच्या आत ती गेली. चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती. माणसं त्याचा हात हातात घेऊन म्हणत होती, "तुमचं प्रेम आम्ही टीव्हीवर पाहिलंय हो." तो मान हलवत होता.

सगळे पांगल्यावर स्वयंपाकघरात दोघेच उरले. शेजारणींनी आणून ठेवलेलं सूप यान्कोने वाढलं. खाता खाता तो थांबला.

"दाजी, एक विचारू? शेवटी तिने ओळखलं का तुम्हाला?"

"नाही," लुडविक म्हणाला. "पण लुडविकवर तिचा फार जीव होता रे."

मग तो उठला आणि बाह्या सारून ताटल्या विसळू लागला.