साठपैकी साठ कामावर

"बधाई हो यामिनीजी," उदयसिंह सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "मिल बंद हुए सवा साल हो गया, और आपके सर्वे में साठ में से साठ आदमी काम पर हैं. ऐसा शहर दुनिया में दूसरा नहीं होगा."

यामिनी पोतनीस टेबलापुढे उभी होती. हसू येत नव्हतं आणि रडायची लाज वाटत होती. मार्च १९९३ अर्धा उलटला होता. उपयोजित अर्थशास्त्राच्या एम.ए.चा तिचा प्रबंध एकतीस तारखेच्या आत जमा व्हायचा होता, आणि सरांच्या सहीशिवाय तो कोणी हातातसुद्धा घेतला नसता. इंदूरजवळच्या महूच्या एका कॉलेजात जुलैपासून शिकवायची जागा तिच्यासाठी तोंडी ठरली होती. डिग्री हातात असली तर जागा तिची, नसली तर रांगेतल्या पुढच्याची. आणि सव्वा वर्षात घरात पगार नावाची वस्तू कोणी पाहिली नव्हती.

"फील्ड में फिर जाइए," सर म्हणाले. "सवाल ठीक से पूछिए. ये टेबल मैं साइन नहीं करूँगा."

सर तसे वाईट नव्हते. वर्गात उदारीकरणावर बोलायला लागले की तास कधी संपला कळत नसे. आजारी उद्योग बंद पडणार, मजूर दुसरीकडे सामावले जाणार, थोडा काळ त्रास होणार, असं ते फळ्यावर दोन रेघांत काढून दाखवत. त्या दोन रेघांच्या मधे यामिनीचं अख्खं घर बसलेलं होतं, पण ते सरांना माहीत असायचं काही कारण नव्हतं.

घोळ सगळा सातव्या प्रश्नाचा होता. "सध्या आपण काय काम करता?" साठ जणांनी त्यापुढे छान अक्षरात मिलमधलं आपलं जुनं खातं लिहिलं होतं: सूत खाता. साचा खाता. फोल्डिंग. मिलचा भोंगा गंजला, फाटकाला सील लागलं, आणि हे आपले अजून खात्यात! सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात तो असा.

ती परत निघाली, पहिल्यांदा प्रतापरावांकडे. प्रतापराव बावीस वर्षं साच्यावर होते, म्हणजे कापड विणणारे. सध्या ते मल्हारगंजातल्या एका साडीच्या दुकानाबाहेर चौकीदार होते, हे यामिनीला पक्कं ठाऊक होतं, कारण दिवाळीत आईबरोबर गेली असताना तिनं त्यांना खाकी शर्टात, हातात काठी घेऊन बसलेलं पाहिलं होतं. त्यांनीही तिला पाहिलं होतं आणि चटकन गल्लीच्या दुसऱ्या टोकाला मान वळवली होती.

"काका, खरं लिहा ना. तुमचं नाव कुठेच येणार नाही. कॉलेजचं काम आहे."

"खरंच लिहिलंय बेटा. साचा खाता, चार साचे."

"मी तुम्हाला मल्हारगंजात बघितलं होतं, काका."

"मला? नाही गं. दुसरा कोणी असेल." एवढं बोलून ते तिच्यासाठी पोहे आणा म्हणून आत ओरडले. त्या पोह्यांवर शेव घालून ती खात होती आणि आतल्या आत धुमसत होती. माणसानं भांडावं तरी. प्रेमानं थाप मारली की उलटं बोलायचीही सोय राहत नाही.

त्या दिवशी अकरा घरं झाली. अकरा ठिकाणी चहा, आणि सातव्या प्रश्नाला तेच उत्तर. बाराव्या घरातल्या एका बाईनं तेवढं हळूच सांगितलं, "फॉर्म में दूसरा काम लिख दिया तो नंबर चला जाएगा ना. तुम्हारे बाबूजी की हाजिरी में फिर कौन चढ़ाएगा?"

तिथे सगळं येऊन अडत होतं. यामिनीचे वडील रामभाऊ मिलच्या टाइम ऑफिसात सव्वीस वर्षं हाजिरी घेत होते. कोण कितीला आला, कोणाची पाळी, कोणाचा खाडा, सगळं त्यांच्या पुठ्ठ्याच्या लांबलचक रजिस्टरात. मिल बंद झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ते नेहमीसारखे गेले, फाटकाबाहेरच्या पानवाल्याच्या बाकड्यावर बसले आणि त्यांनी रजिस्टर उघडलं. आजपावेतो एक दिवस चुकवला नव्हता. कामगार येत, नंबर सांगत, रामभाऊ खूण करत, माणूस निघून जाई. मिल उघडेल तेव्हा जो रोज आला त्याचा नंबर पहिला, अशी सगळ्यांची समजूत होती. ती कोणी करून दिली, कुणालाच आठवत नव्हतं. फाटकावर एकच नियम होता: इथून पुढे कोण कुठे जातो ते कोणी विचारायचं नाही आणि कोणी सांगायचं नाही. प्रतापराव खाकी शर्ट पिशवीत घडी करून आणत आणि मल्हारगंजात पोचल्यावर चढवत.

घरी येऊन यामिनीनं फॉर्मांचा गठ्ठा जमिनीवर आपटला.

"बाबा, उद्या फाटकावर सांगा सगळ्यांना. म्हणावं, खरं लिहा, नंबर जाणार नाही. तुमचं ऐकतील."

रामभाऊ भिंतीला टेकून बसले होते. "मी कसं सांगू बेटा? मी हाजिरी घेतो."

"म्हणून तर!"

"म्हणूनच नाही. मीच म्हटलं की दुसरं काम लिहा, तर त्याचा मतलब काय होतो? मिल गेली. ते माझ्या तोंडून?"

"मग गेलीच आहे ना! सगळ्या इंदूरला माहीत आहे, फक्त त्या बाकड्याला माहीत नाही. तुमच्या हाजिरीला कोणी पगार देत नाही बाबा. माझ्या डिग्रीला मिळेल. त्या एका प्रश्नासाठी माझं वर्ष जातंय, जागा जातेय, आणि तुम्ही रेघा मारत बसा!"

आई शिवणाच्या मशीनवरून म्हणाली, "यामिनी, बस झालं." मशीन थांबलं होतं. यामिनीला वाटलं जीभ चावावी, पण बोललेलं कुठे परत घेता येतं? आणि खरं सांगायचं तर घ्यायचंही नव्हतं. दोन वर्षं ती लायब्ररीतली पुस्तकं घरी नेता येत नाहीत म्हणून हातानं उतरवून काढत होती. तिला राग आला होता आणि तो रास्त होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर रामभाऊंनी चटई अंथरली. "घे, लिही," ते म्हणाले. "नावं नको. नंबर."

तिनं फॉर्मांचा गठ्ठा ओढला.

"चारशे बारा. पहाटे पेपर टाकतो, मग हाजिरीला येतो, मग गल्लीत इस्त्रीची गाडी. सहाशे तीन. सायकलवर टोस्ट घेऊन महूला जातो, मंगळवारी सुट्टी. दोनशे नव्वद, मानपूरच्या ढाब्यावर ट्रकवाल्यांची पोळी-भाजी करतो. शनिवारी रात्रीच घरी येतो, म्हणून आठवडाभर हाजिरी त्याचा भाऊ लावून जातो. मला कळतं, मी बोलत नाही."

त्यांनी कुठलाही कागद न बघता एकोणसाठ माणसं सांगितली. कोणाच्या हाताला डिंक असतो, कोणाच्या बुटांना चुना, कोण सव्वासातला घाईनं पळतो, कोण नऊ वाजले तरी हलत नाही, कोणाला दिवसाचे साधारण किती सुटत असतील. सव्वा वर्ष त्यांनी कोणाला एक शब्द विचारला नव्हता आणि एकही गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली नव्हती. यामिनी भराभर लिहीत गेली. तिला एवढा आनंद झाला होता की बाबांचा आवाज उतरत चाललाय हे तिच्या ध्यानातही आलं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, अशी ती दुपार होती.

दर तिसरं घर निवडायची सर्वेक्षणाची पद्धत होती, त्यामुळे साठावा फॉर्म घरचाच निघाला होता.

"तुम्ही दुसरं काम शोधताय का, बाबा?" तिनं छापील प्रश्न वाचला.

"मला वेळ कुठाय? सकाळ सगळी तिथेच जाते," म्हणून ते हात धुवायला उठले. तिनं पुस्तकातल्या व्याख्येप्रमाणे खूण केली आणि गठ्ठा बांधला.

सरांनी तक्ता पाहिला आणि खुर्चीवरून उठले. बावन्न जणांना काही ना काही काम, सात जण काम शोधणारे. अठ्ठ्याऐंशी टक्के! "ये हुई न बात. यही तो मैं कहता हूँ, री-अ‍ॅब्सॉर्प्शन." यामिनीनं नववा तक्ता पुढे केला. त्यात होतं की या बावन्नांची कमाई जुन्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यावर आली आहे, आणि त्यांतल्या चाळीस जणांना उद्याचं काम उद्याच कळतं. "हाँ हाँ, वो लिमिटेशन्स में डाल दीजिए," सर म्हणाले आणि सही केली. तिनं नववा तक्ता शेवटच्या प्रकरणात टाकला. तोंडी परीक्षा झाली, जूनमध्ये निकाल लागला, यामिनी पहिल्या वर्गात आली. महूहून पत्र आलं. आईनं शिरा केला.

आणि पुढच्याच सोमवारी शहरातल्या एका हिंदी पेपरात बातमी आली: "मिल बंद, मगर मजदूर बेकार नहीं. ८८ प्रतिशत को मिला नया काम." खाली सरांचं दोन ओळींचं मत, आणि त्याखाली "छात्रा यामिनी पोतनीस का अध्ययन". नवव्या तक्त्याचं नाव नाही. यामिनीच्या डोक्यात अशी तिडीक गेली की ती चपला न घालताच दारापर्यंत गेली. मग परत आली, चपला घातल्या, प्रबंधाची प्रत काखेत मारली आणि फाटकाकडे निघाली.

पेपर पानवाल्याच्या दुकानावर आधीच वाचून झाला होता. पंचवीस-तीस माणसं उभी होती. तिनं नववा तक्ता उघडला. "काका, हे बघा, हे छापलं नाही त्यांनी. मी लिहिलंय, कमाई किती पडली ते. मी उद्या पेपरात जाऊन..."

कोणी तक्त्याकडे बघितलं नाही. कोणी रागावलंही नाही. प्रतापराव पुढे आले. आज त्यांनी खाकी शर्ट घरूनच घातला होता.

"फर्स्ट क्लास आलीस म्हणे. छान झालं बेटा," ते म्हणाले. मग रामभाऊंकडे वळले. "रामभाऊ, आता लपवायचं काय राहिलं? साडेआठला दुकान उघडतं. मी निघतो." आणि नंबर न सांगताच ते गेले.

एकानं तरी शिवी द्यावी, असं यामिनीला मनापासून वाटलं. पण सगळे "चलो भिया", "येतो रामभाऊ" म्हणत, एरवी बाजारातून पांगावं तसे पांगले. चार-पाच जणांनी नंबर सांगितले, तेही पुटपुटत. गुरुवारी दोघं आले. शनिवारी कोणी आलं नाही.

शनिवारी ती बाकड्यावर वडिलांशेजारी बसली होती. रजिस्टर उघडं होतं, पान कोरं होतं. तिला माफी मागायची होती आणि भांडायचंही होतं. सोमवारपासून तिची नोकरी सुरू होणार होती.

"त्या अठ्ठ्याऐंशी टक्क्यांत मी नाही, ते बरोबर आहे," रामभाऊ म्हणाले. "मला काम नाही. म्हणजे मी उरलेल्या बारामध्ये आलो. हो ना?"

 यामिनीला खोटं बोलता आलं असतं. पण या माणसाला हिशेबात फसवणं सव्वीस वर्षांत कोणाला जमलं नव्हतं.

"नाही, बाबा. बारामध्ये काम शोधणारे येतात. तुम्ही शोधत नाही म्हणालात. काम नाही आणि शोधतही नाही, त्याला पुस्तकात बेकार धरत नाहीत. म्हातारी माणसं, शाळेतली पोरं, तसं. त्यांना सोडूनच टक्के काढतात. मी भागलं ते एकोणसाठनं."

 एखाद्या नव्या क्लार्कनं चुकीची बेरीज आणून दाखवावी तसं रामभाऊंनी तिच्याकडे पाहिलं, पण बेरीज चुकलेली नव्हती.

"म्हणजे गैरहजर?" त्यांनी विचारलं.

"गैरहजरसुद्धा नाही, बाबा," ती म्हणाली. "गैरहजर लावायला आधी यादीत नाव असावं लागतं."

"ते खरं," रामभाऊ म्हणाले आणि त्यांनी पेनाचं टोपण लावलं.