हळदीच्या केकाचं रक्त

रिनाच्या अंगणात प्लास्टिकचं घमेलं होतं, घमेल्यात लालभडक पाणी होतं आणि पाण्याभोवती अर्धं गाव होतं. उरलेलं अर्धं चपला शोधत होतं. कोणी हात जोडत होतं, कोणी मोबाईल पुढे करत होतं. ज्यांना दोन्ही करायचं होतं त्यांची फार ओढाताण चालली होती. घमेल्याच्या तळाशी केकवर क्रीमची फुलं काढायची स्टीलची नोझलं पडली होती. केकानं रक्त टाकलं, ही बातमी तालुक्याच्या गावी, सावलीच्या बाजारापर्यंत कधीच पोचली होती.

केक होता वामनरावांच्या मुलीच्या, प्रियाच्या, हळदीचा. आता खेड्यातही हळदीला पिवळे फुगे, पिवळे गॉगल आणि पिवळा केक लागतो. घरी केक करून विकणारी रिना बाजारातला रंग घालणार होती, पण वामनराव अडून बसले. "हळदीच्या केकात हळद नसन, तं तो कायचा हळदीचा केक?" म्हणून रिनाच्या सासूनं, बायनाबाईनं, घरची हळकुंडं कुटली आणि क्रीममध्ये हातानं घोळली. लाइटचा आणि फ्रीजचा भरवसा नाही, म्हणून क्रीम डालडा आणि पिठीसाखरेचं. केक देखणा झाला. नोझलं मात्र हातची गेली. चांदणीच्या आकाराच्या नोझलच्या दातांत हळदीचा डालडा असा बसला, की थंड पाणी, ब्रश, खराट्याची काडी, कशालाही दाद देईना. शेवटी बायनाबाईनं धुण्याचा सोडा पाण्यात टाकला, नोझलं बुडवली आणि हातानं चोळायला घेतली.

पाणी लाल झालं. तिचे हातही लाल झाले. नेमकी तेव्हाच शेजारची आशाबाई विरजण मागायला आली होती. ती विरजण न घेताच गेली.

त्याच संध्याकाळी प्रियाला हुडहुडी भरून ताप आला. आशाबाईनं दोन्ही गोष्टींची गाठ मारली आणि ती गाठ घरोघर दाखवून आली.

मग दुसऱ्या दिवशी दुपारी झिंगू महाराज आले. पूर्वी ते गोंडपिपरीकडच्या लग्नांत डीजे वाजवायचे. आवाज त्यांना तिथं मिळाला होता. सिद्धी कुठं मिळाली ते कोणी विचारलं नव्हतं.

"हे पाणी नोय," महाराज म्हणाले. "हे हडळीचं खाणं हाय. पोरीच्या आंगातून शोसून राह्यली ते."

त्यांनी वाटीभर लाल पाणी घेतलं, डोळे मिटले आणि लिंबू पिळलं. पाणी फसफसलं. फेस बसला तेव्हा पाणी पिवळं झालं होतं. गर्दीनं एकदम श्वास सोडला.

"गेली," महाराज म्हणाले. "पण ज्यानं धाडली, तो गावातच हाय. दिवेलागणीले सगळ्यायनं माह्या कळशीत हात बुडवा. पाप्याचा हात लाल होईन. अन् वामनराव, तवापर्यंत पोरीले दवाखान्यात नेऊ नका. सुई टोचली का ते परत येऊन आंगात बसन."

वामनरावांनी मान डोलावली. मग महाराज बायनाबाईकडे वळले आणि मऊ आवाजात म्हणाले, "आजी, देवाले तुमच्याच हातची हळद पाह्यजे. परातीत कालवून ठेवा."

बायनाबाईला बरं वाटलं. सकाळपासून तिच्याशी कोणी बोललं नव्हतं.

रिनाची नजर मात्र गर्दीवर होती. लोक घमेल्याकडे बघायचं सोडून सासूकडे बघत होते. जिच्यावर करणीचा संशय येतो त्या म्हातारीचं पुढं काय होतं हे तिला माहीत होतं. तिच्या माहेरच्या गावात एक घर अजून कुलूपबंद होतं. त्यातल्या बाईला केसाला धरून बाहेर काढलं, तेव्हा रिना लहान होती आणि दारामागं उभी होती. तिनं चंद्रपूरला नवऱ्याला, प्रफुलला, फोन लावला. कव्हरेज क्षेत्राबाहेर. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"आई, सावलीची गाडी हाय अजून. चाला."

"कायले?"

"कायले काय कायले. दिसून नाई राह्यलं का तुमाले?"

"दिसते," बायनाबाई हळद कालवत म्हणाली. "मी गेली तं खरंच म्हणतीन ना, माय."

रिना एक नोझल मुठीत धरून निशा मॅडमकडे पळाली. मॅडम सावलीच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि गावात भाड्यानं राहायच्या.

"मॅडम, आईले तुमच्या घरी लपवा. एक रात."

"अन् उद्या?"

रिना उंबऱ्यावरच बसली. मॅडमनी तिच्या हातातलं नोझल घेतलं, दातांतला पिवळा गर नखानं खरवडला. "यात काय काय हाय?"

"डालडा, साखर, हळद."

"अन् धुतलं कशानं?"

"सोड्यानं."

मॅडमनी बशीत चिमूटभर हळद भिजवली, वर सोडा टाकला. बशी लाल झाली. लिंबू पिळलं. फेस आला आणि लाल रंग पिवळा झाला. रिना बघतच राहिली.

"म्हणजे महाराज..."

"महाराज शाळेत काय दिवे लावत होता कोण जाणे. पण हे प्रॅक्टिकल त्याले येते."

"अन् आईले हळद कालवाले लावली त्यानं," रिना सावकाश म्हणाली. "एकट्या आईले."

दिवे लागले तेव्हा रिनाच्या ओसरीवर कळशी मांडलेली होती. पाणी नितळ. महाराजांनी मंत्र संपवला आणि बायनाबाईकडे बोट केलं. "आजी, या पहिले."

बायनाबाई उठली. हात मनगटापर्यंत पिवळे. रिनानं परात उचलली आणि तिच्या आणि कळशीच्या मधे उभी राहिली.

"थांबा ना, महाराज. एवढा देवाचा कार्यक्रम अन् कोणाले हळदच नाई लावली. पहिला मान तुमचा."

"मले नाई लागत."

"काऊन?" वामनराव म्हणाले. त्यांचा आवाज दिवसभरात पहिल्यांदाच चढला. "सवाष्णीच्या हातच्या हळदीले नाई नाई म्हणत, महाराज. माह्या घरचं लगन हाय."

रिनानं महाराजांचा तळवा चांगला माखला. "आता बुडवा. तुमी निष्पाप, तुमाले काय भेव?"

गर्दी पुढं सरकली. मागं जायला वाट उरली नाही. महाराजांनी बोटांची टोकं बुडवली. मनगट धरून उरलेला हात गर्दीतून पुढं आलेल्या निशा मॅडमनी बुडवला. वर आला तो लालभडक. रिनानं वामनरावांना हळद लावली. लाल. आशाबाईला लावली. ती रडायलाच लागली, तिचाही लाल.

"आता गावात पापी नाई असा एकच राह्यला, ज्यानं हळद नाई लावली तो," मॅडम म्हणाल्या. "आशाबाई, तुमची आजी घरी कुंकू करायची. कशाचं?"

"हळदीचं," आशाबाई हुंदके देत म्हणाली. "हळदीत चुना..."

तिनं आपला लाल हात डोळ्यांपुढं धरला.

"कळशीत चुन्याची निवळी हाय. घमेल्यात सोडा होता. दोन्ही हळदीले लाल करतात, लिंबू पिवळं करते. यात भूत कुठी हाय? अन् ताप मच्छरांचा हाय का कायचा, ते दवाखान्यात रक्त तपासून कळते, म्हातारीचा हात पाहून नाई." मॅडम वामनरावांकडे वळल्या. "दिवसभर पोरगी कुडकुडते, भाऊ. उठा."

वामनराव उठले. लाल हात धोतराला पुसत ते गाडी काढायला धावले. महाराजांना पोलीस पाटलानं बसवून ठेवलं. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे हे त्याला आता आठवलं. प्रियाला मलेरिया निघाला. गोळ्या सुरू झाल्या.

दुसऱ्या दिवशी रिनानं नोझलं कढत पाण्यात, भांड्याच्या साबणात भिजत घातली. डालडा वितळून वर आला, बारीक ब्रशनं दात मोकळे झाले, पिवळा डाग लिंबानं फिका पडला. बायनाबाई एकेक पुसून उन्हात मांडत होती. आशाबाई कुंपणापाशी आली.

"बायनाबाई, मी तं मनातून म्हणतच होती, तुमी तशा नाई म्हणून."

"मनातून म्हणली तू," बायनाबाई मान वर न करता म्हणाली. "पाणी लाल दिसलं तवा मी इथीच बसली होती, आशा. काय टाकलं वं पाण्यात, एवढंच इचारलं असतं. मी सांगितलं असतं."