सहाशे जीबी आणि एक पत्र

मंगळवारी दुपारी पावणेतीनला आमच्या रुग्णालयाच्या मेलने मान टाकली.

अचानक नव्हे. आठ दिवस आधी मोठ्या साहेबांनी फर्मान काढलं होतं, मेलबॉक्सांचा डेटाबेस सहाशे जीबी झालाय, डिस्क भरत आलीय, सर्वांनी जुनी पत्रं पुसा. चारशे माणसं कामाला लागली. मेलची देखभाल माझ्याकडे. मी बैठकीत म्हटलं होतं, "साहेब, पुसून फाइल लहान होत नाही. माणसं उठून गेली म्हणून खोलीच्या भिंती आत सरकतात का? उलट काय काय पुसलं याचीही सर्व्हर नोंद ठेवतो, आणि ती नोंदवही त्याच डिस्कवर फुगते." रोजचा बॅकअप पुरा झाला की ती वही कोरी होते, पण सहाशे जीबीचा बॅकअप महिनाभर पुराच होत नव्हता. हे सगळं मी सांगितलं, पण माझा आवाज मुळातच लहान. पंख्याखाली विरून गेला.

तर आठ दिवसांच्या सफाईने डिस्क काठोकाठ भरली.

तीनला पाच कमी असताना एक्स-रेवाली धावत आली. अंगावरचा शिशाचा एप्रन काढायचंही भान नाही.

"ताई, मेल बंद?"

"बंद."

"कधी सुरू होईल?"

मन राखायला खोटं बोलायचं नाही, हा माझा रोजचा नेम. एरवी सोपा वाटतो. "आहे तो डेटाबेस उठवायचा तर उद्या उजाडेल गं."

ती बॅटरीच्या खोक्यावर मटकन बसली. "मग संपलं. आज बालगृहाचं पत्र यायचंय."

सहा वर्षं ती आणि तिचा नवरा मूल दत्तक घेण्यासाठी हेलपाटे घालत होते, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. आज पत्र येणार होतं आणि पाचच्या आत होकार गेला नाही, तर यादीतल्या पुढच्या जोडप्याला विचारणार होते.

"फोन कर ना त्यांना!"

"केला. बाई म्हणाल्या, दोनदा पाठवलं, तुमच्याकडे दारच बंद. त्या पत्रातला क्रमांक घालून याच पत्त्यावरून उत्तर हवं. पत्ता बदलायचा तर चौदा दिवस."

"पण ऑफिसचा पत्ता कशाला दिलास?"

"घरच्या मेलचा पासवर्ड आम्ही दोघंही विसरतो हो!" बोलता बोलता तिला हसू आलं आणि त्याबरोबर रडूही.

माझ्या कपाटात दोन महिन्यांपासून एक कोरी डिस्क पडून होती. जुना डेटाबेस सोडून नव्यात जायचं, एकेक मेलबॉक्स हलवायचा, असा बेत वहीत लिहून तयार होता. साहेबांचं म्हणणं, आधी सफाई, मग बघू. आता हलवायला वेळ नव्हता आणि बंद पडलेल्यातून हलवताही येत नाही. पण दुसरी एक वाट होती. नव्या डिस्कवर सगळ्यांना कोरे मेलबॉक्स द्यायचे, नवी पत्रं लगेच घ्यायला लागायचं, जुनी मागाहून आणून भरायची. आधी चूल मांडायची, भांडी नंतर आणायची.

तेवढ्यात साहेबच आले. मी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"माझी सव्वीस हजार पत्रं आहेत त्यात!"

"ती कुठे जात नाहीत. जुन्या फाइलला हातही लावणार नाही. दोन-तीन दिवसांत परत मिळतील."

"आणि तोवर?"

"तोवर मेलबॉक्स रिकामा."

"रिकामा? अहो, मी काम कसं करायचं?"

"साहेब," खोक्यावरून आवाज आला, "आठ दिवस तुम्हीच तर मागे लागला होतात, रिकामा करा, रिकामा करा!"

मग साहेबच खो खो हसले. "हिचं तोंड म्हणजे ना! करा. पण एक पत्र जरी हरवलं तर—"

"तर माझ्या नावावर," मी म्हटलं. इतक्या मोठ्याने मी आयुष्यात बोलले नसेन. पंखासुद्धा हरला.

"आधी माझा करा," एक्स-रेवाली म्हणाली. "माझा तसाही रिकामाच आहे. आहेराची यादीसुद्धा पुसली मी, मेली शिस्त!"

सव्वातीन. देवाचं नाव घेऊन डिस्क बसवली. स्क्रू तिने पिळले; तिचे हात माझ्यापेक्षा ताकदीचे. येणाऱ्या पत्रांची रांग नव्या डिस्कवर वळवली. नवा डेटाबेस तयार केला, सुरू करायला गेले, तर पडद्यावर तेच: जागा नाही.

"कोऱ्या डिस्कवर जागा नाही?" ती किंचाळली.

मी डोळे मिटले. उघडले. पुन्हा ओळ अन् ओळ वाचली. घाईत मी डेटाबेस नव्या डिस्कवर ठेवला होता, पण त्याची नोंदवही जुन्याच डिस्कवर! नव्या घराच्या किल्ल्या जुन्या घरात ठेवून दाराशी उभी होते मी. वहीची जागा बदलली. चारला सात मिनिटं कमी असताना डेटाबेस सुरू झाला.

एका ओळीची आज्ञा, आणि तिचा मेलबॉक्स नव्या घरी. तिने उघडला. आत काही नाही. पांढरंशुभ्र.

"आलं नाही, ताई."

"धीर धर. त्यांचं यंत्र मधून मधून दार वाजवून बघतं."

चार. सव्वाचार. बाहेरून वॉर्डबॉयने हाक मारली, "अहो बाई, मनगट मोडलेला माणूस खोळंबलाय!" ती गेली, फोटो काढला, सहा मिनिटांत परत आली. "पहिल्यांदाच पेशंटला म्हटलं, हलू नका आणि माझ्यासाठी प्रार्थना करा. तो म्हणाला, बाई, हात जोडता आले असते तर केली असती!"

आम्ही दोघी हसत सुटलो. हसता हसताच मी मनात माझा जप धरला होता. तोवर बाकीच्यांनाही कोरे मेलबॉक्स देण्याची आज्ञा सोडून दिली.

चार वाजून अडतीस मिनिटं. टिंग.

पांढऱ्या पडद्यावर एकच ओळ. तिने पत्र उघडून वाचलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. "मुलगी आहे. अडीच वर्षांची. ताई, तुम्ही टाइप करा, माझी बोटं चालत नाहीत."

"नाही गं. हे तुझं तूच लिही."

तिने क्रमांक घातला, दोनदा ताडून पाहिला. खाली लिहिलं, 'होय. आम्ही येतो.' पाठव दाबलं तेव्हा पाचला सोळा मिनिटं होती. नवऱ्याला फोन लावला आणि "हो! अहो, हो!" एवढंच चार वेळा म्हणाली. तिकडून काय आलं कोण जाणे, पण ती म्हणाली, "रडू नका, गाडी बाजूला घ्या आधी."

दाराशी साहेब उभे होते. कधी आले कळलंच नाही. "गेलं?"

"गेलं."

"बरं झालं," म्हणाले, आणि चष्मा पुसत राहिले.

पाचला आठ कमी असताना पुन्हा टिंग. बालगृहाच्या बाई: 'होकार पोचला. गुरुवारी दहाला या. चपला आणाल तर पायाचं माप कळवते.'

लगोलग तिसरी टिंग. दुपारपासून रांगेत अडकलेलं पत्र आता सुटलं होतं. साहेबांचंच: 'स्मरणपत्र. सर्वांनी आपापले मेलबॉक्स आजच रिकामे करावेत.'

तिने माझ्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. बोट डिलीटच्या बटणावर. "पुसू?"

"नको," साहेब म्हणाले. "आज काही पुसू नका."