बोटीच्या शेपटीचा मुहूर्त

मित्रांनो, मी एका मोटारबोटीची काढून टाकलेली शेपटी आहे. माझं खरं नाव इंग्रजी होतं, ते इकडे कोणाच्या जिभेवर बसलं नाही. इंजिन असतं बोटीच्या आत. त्याची ताकद बाहेर पाण्यात नेणारी, खाली पंखा असलेली मी मागे लटकते. म्हणून शेपटी.

महाराष्ट्र राज्य अजून नवंनवंच आहे. बुलढाणा जिल्ह्यात एका नदीवर धरण झालं आणि पलीकडच्या वस्तीचा रस्ता पाण्याखाली गेला. बाजार, शाळा, दवाखाना, सगळं अलीकडे राहिलं. वस्तीसाठी एक मोटारबोट आली. पण तिची पहिली शेपटी बुडालेल्या बाभळीच्या खोडावर आपटून मोडली, आणि तिच्या जागी मला मागवलं. मुंबईहून मलकापूरपर्यंत मी रेल्वेने आले. पुढे बैलगाडीत, कडब्यावर निजून.

मला जोडायला सहदेव मिस्त्री आला. विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस. नावाडी कडूबाने मला खालून उचलून धरलं.

"धीरानं घे बे, कडूबा! नवरी हाय ते."

"नवरी एवढी जड नसते, मिस्तरी! माही कंबर गेली."

सहदेवने माझ्या दांड्याच्या दात्यांना ग्रीस लावलं, ते इंजिनाच्या खाचेत अलगद बसवलं. बोटीत पाणी शिरू नये म्हणून रबरी नळा चढवला. समोरासमोरचे नट थोडेथोडे आवळले, तेल भरलं, आणि लेकराचं तोंड पुसावं तसं मला पुसलं. मला फार बरं वाटलं हो.

तेवढ्यात पलीकडच्या वस्तीतली तानुबाई पिंपांच्या तराफ्यावरून आली.

"मिस्तरी, आज चालू होईन काय बोट? माह्या झुंबरले ताप हाय. डोळे उघडत नाही पोरगी. तराफ्यावर आणू कशी? वारं सुटलं की कलंडते तो."

सहदेवने बोटीचं काम पाहणाऱ्या ओव्हरसियर शंकररावांकडे पाहिलं. मी तर तयारच होते.

"आज अमावास्या आहे," शंकरराव म्हणाले. "नवं यंत्र आहे. उद्या सकाळचा मुहूर्त काढलाय."

तानुबाई वळली. परत तराफ्यावर बसली.

सकाळी माझ्या गळ्यात झेंडूचा हार पडला. नारळ फुटला. पण पाणी उतरलेलं, बोट काठावर ओंडक्यांवरच होती आणि ती ओढायला बैल आले नव्हते.

"मुहूर्त टळतोय, सहदेव. इथेच इंजिन फिरव."

"हाव साहेब. विहिरीवरचं इंजिन बी आमी आधी कोरडंच चालवून पाह्यतो."

मित्रांनो, माझ्या पोटात रबरी पात्यांचं एक लहानसं चाक असतं. ते पाणी ओढून इंजिनाला पाजतं आणि त्याच पाण्याने स्वतः ओलं राहतं. कोरडं फिरलं की ते जळतं. विहिरीवरच्या इंजिनाला असं चाक नसावं. मला बोलता येत नव्हतं. माझा पंखा हवेत गरगरला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. माझ्या पोटात ती पाती जळून तुटत होती.

मग बैल आले. बोट पाण्यात उतरली. इंजिन गार होतं, म्हणून कसंबसं पलीकडे पोचलं. तानुबाई झुंबरला गोधडीत गुंडाळून उभीच होती. ती बसली, कडूबाने बोट वळवली, आणि मधोमध आल्यावर इंजिनातून धूर निघाला. बोट थांबली.

"काऊन थांबली रे, कडूबा?"

"इंजिन तापलं, मावशी. थंडं होऊ दे जरासं."

"माही पोर किती तापली हाय, हात लावून पाह्य! चालव ना रे बाबा."

कडूबाने पुन्हा सुरू करून पाहिलं. इंजिन खाकरलं आणि जाम झालं. मग त्याने वल्हं घेतलं. मोटारबोट जड, आणि वारा समोरचा. तानुबाई पदर पाण्यात भिजवून पोरीच्या कपाळावर ठेवत होती. ठेवायची, पुन्हा भिजवायची. काठ जवळ आला तेव्हा तिचा हात थांबला. ओला पदर तिच्या मुठीत तसाच राहिला. कडूबा वल्हवत राहिला. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

त्यानंतर लोक म्हणाले, अमावास्येला जोडलेली शेपटी, अपशकुनीच निघाली. सहदेवने मला उतरवलं. माझं झाकण उघडून आत काय जळलं, ते कोणी पाहिलं नाही. मला गोदामात टाकलं. बोटीसाठी नवं इंजिन मागवलं, नवी शेपटीही. परवा दाराशी बोलणं ऐकलं. या वेळचा मुहूर्त म्हणे फार चांगला काढलाय, आणि बोट काठावरच सजवून इंजिन फिरवणार आहेत.

मी इथून ओरडू शकत नाही. म्हणून तुम्हाला सांगते, मित्रांनो. यंत्रालाही तहान असते. ती आधी विचारा, हार मग घाला. तुमच्यापैकी कोणी त्या काठावर जाणार असेल, तर आजच जा. पलीकडे अजून लेकरं आहेत.