गीताबाईच्या हातात काही नव्हतं

एक विचारतो, खरं सांगा. स्वतःच्या डोळ्यांनी पाहणाऱ्यावर तुम्ही भरवसा ठेवता, की त्यानं पाहिलेलं तुमच्यापर्यंत आणून देणाऱ्यावर? घाई नाही, बसा. तोवर ओळख देतो. मी ॲक्शन कॅमेरा बोलतोय. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. पाण्यात बुडवा, धुळीत लोळवा, मला काही होत नाही. माझं जे वाटोळं झालं ते एका कॉम्प्युटरपुढे झालं.

माझा पहिला मालक नागपूरचा. मोटरसायकलनं लडाखला जाईन म्हणून त्यानं मला घेतलं, आणि डोक्यावर बांधून गावातल्याच फुटाळा तलावापर्यंत नेलं. पुढे त्याचं लग्न झालं आणि मी कोंढ्याच्या धनराजकडे आलो. धनराजचं फोटो-झेरॉक्सचं दुकान. माणूस गोड, गिऱ्हाइकाला चहाशिवाय जाऊ देणार नाही. कॉम्प्युटर तो बटणं दाबत दाबत शिकला. तो मला भाड्यानं द्यायचा. हळद, वरात, भाताची रोवणी. एकदा विहिरीत पडलेली पाण्याची मोटार शोधायला लोकांनी मला दोरीनं खाली सोडलं. मोटार दिसली, आणि शेजारणीनं चोरली म्हणून दोन वर्षं भांडण चाललेली कळशीही दिसली. मोटारीची गोष्ट मग कोणी काढलीच नाही.

मग शंकरपट आला, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. गीताबाई पटावरची धुरकरी, म्हणजे छकड्यावर बसून जोडी हाकणारी. बादल आणि चित्या हे तिचे बैल, तिनंच वाढवलेले. आता पटावर तुतारी, म्हणजे टोचायची काठी, बंद. खिळाही बंद. बैलाला टोचलं की जोडी बाद.

धनराज मला छकड्याच्या दांडीला बांधायला आला आणि पट्टा दुकानात विसरला. म्हणून त्यानं बारीक तार गुंडाळली.

"धनराजभाऊ, तार टोचन ना बैलाले," गीताबाई म्हणाली.

"काही नाही होत बाई. टोक आत दाबलो ना मी."

आत दाबलेलं टोक पहिल्याच धक्क्याला बाहेर आलं. मी सगळं पाहत होतो. गीताबाईच्या एका हातात कासरा, दुसरा हात दांडीवर, बोटात चांदीची मुंदी. बाकी काही नाही. तारेचं टोक बादलच्या मांडीला घासत गेलं. जोडी पहिली आली, तेव्हा मांडीवरून रक्त ओघळत होतं. मला सोडवताना धनराजनं तार गोळा करून फेकून दिली. तिच्याकडे कोणी पाहिलंही नाही.

"खिळा होता तिच्या हातात!" हरलेला मंगेश ओरडला. "नाही तं बाईच्या हातानं जोडी एवढी पळते काय?"

"तुहे बैल मधातच शेण टाकत उभे राहिले, तेही मीच टोचली काय?"

लोक हसले. पट समितीचे अध्यक्ष टिकारामजी हसले नाहीत. "कॅमेरा होता ना? सांजच्या आत फिलिम आना. टोचलं असंन तं तीन साल पटावर पाय नाही ठेवाचा."

"आना जी," गीताबाई म्हणाली. "तारच लागली असंन, दिसनच त्याच्यात. मले कायची भीती?"

आता माझी एक सवय सांगतो. मी प्रत्येक दृश्य दोनदा ठेवतो. एक मोठी फिल्म, तिच्यात बैलाचा केस न केस दिसतो. दुसरी लहान, अंधुक, मोबाइलवर झटपट पाहण्यापुरती. धनराजचा कॉम्प्युटर म्हातारा. मोठी फिल्म लावली की तो धापा टाकतो, चित्र अडतं. लहान मात्र सरसर चालते.

"मोठे सारे खराब झाले," धनराज स्वतःशीच म्हणाला. "अडकून राहिले. लहानवाली बरी आहे."

बाहेर पवनीचे हळदीवाले गाडी चालू ठेवून उभे. "भाऊ, लवकर द्या कॅमेरा! नवरीची हळद वाळून राहिली तिकडे!"

त्यानं लहान फिल्म उतरवून घेतली, मोठी पुसली, आणि मला हळदीला धाडलं. कार्डात जिथं गीताबाईचा हात होता, तिथं संध्याकाळपर्यंत नवरीच्या आईचा नाच येऊन बसला.

समितीनं लहान फिल्म पाहिली. हात म्हणजे तपकिरी डाग, आणि डागात काहीतरी चमकलेलं.

"हा पाहा खिळा," मंगेश म्हणाला.

"मुंदी होय ते!" गीताबाईनं बोट पुढे केलं.

"आता घालून आली असंन."

टिकारामजींनी विचारलं, "धनराज, याच्याहून साफ नाही काय?"

"कॅमेराच असा आहे जी." मोठी पुसल्याचं त्यानं सांगितलं नाही. खराब मालाची गोष्ट कोण काढतो? गीताबाईला तीन साल पटबंदी झाली.

तोवर ती धनराजची चूक होती. खोटं चार दिवसांनी सुरू झालं. भंडाऱ्याला कॉलेजात शिकणारी त्याची मुलगी रंजू घरी आली, आणि त्यानं हौसेनं सगळी हकिकत सांगितली.

"बाबा, मोठीच खरी होती ना! कमजोर तुमचा कॉम्प्युटर आहे. काहून पुसले?"

धनराजनं दार ओढून घेतलं. "कोणाले सांगू नको. दुकान बसन."

"आन गीताकाकू?"

"तीन साल काय, असेच जातात."

दुसऱ्या आठवड्यात गीताबाई आली. बादल आणि चित्या आता वखराला जुंपले जात होते, आणि हापशीवर बायका तिला पाहून 'टोचणारी' म्हणत होत्या. "भाऊ, एकडाव आणखी पाहा ना. याच्या पोटात राहिलं असंन काही."

"नाही बाई. कॅमेराच खराब निघाला."

तिनं मला उचललं, पदरानं काच पुसली आणि जपून खाली ठेवलं. रंजूनं चहा आणून ठेवला. चहा कोणी घेतला नाही.

ती गेल्यावर धनराजनं कागदाची पट्टी कापली, तिच्यावर 'खराब' लिहिलं आणि माझ्या पाठीवर चिकटवली. आपलं बोलणं खरं करायला. तेव्हापासून मी खणात आहे. काच साफ आहे. बॅटरी भरली तर आजही चालेन.

तुमच्याकडेही कोणाचं काही ना काही उतरवून घेणं चालत असेल. एवढंच मागतो. काय आलं, काय ठेवलं, काय पुसलं, याचा हिशेब खरा ठेवा. चुकून पुसलं असेल तर 'चुकून पुसलं' असंच लिहा, आणि खाली नाव स्वतःचं लिहा. माझं नको.