उडणारा बटर आणि भात खाणारा बटर

मी एक म्हातारा कुत्रा आहे, मित्रांनो. राजोडीच्या किनाऱ्याजवळ, नारळी-केळीच्या वाडीत माझं घर आहे. मी पिल्लू असताना कृतिकाने मला सुरूच्या झाडांखालून ओढणीत गुंडाळून आणलं. बेकरीतल्या बटरसारखा खरपूस रंग, म्हणून नावही बटरच ठेवलं.

कृतिका दिवसा वालीवच्या एका कारखान्यात खोक्यांवरची चित्रं तयार करते आणि संध्याकाळी घरी बसून स्वतःची कार्टून काढते. तिच्या पेनची हलकी खसखस ऐकत मी पायाशी पडून राहायचो. झोप आणि जाग यांच्यामधली ती जागा मला फार आवडायची.

एकदा शेजारच्या क्लेमेंटीनमावशीने नाताळचे फुगे तळले. हे फुगे खायचे असतात, मित्रांनो. पिठाचे, गोल, मऊ. मी त्यातला एक पळवला.

"अगो, बटरने फुगा नेला!" मावशी ओरडली.

फुग्याने टम्म भरलेले माझे गाल बघून कृतिका हसून लोटपोट झाली. मग तिने एक इवलंसं कार्टून केलं. त्यातला बटर फुगा गिळतो, टम्म फुगतो आणि अलगद वर जातो. सुरूच्या शेंड्यांवरून, चर्चच्या घंटेवरून तरंगत तो एक ढग चाटून बघतो, मोठ्ठा ढेकर देतो आणि धप्पकन मावशीच्या परातीत पडतो.

तिने ते इंटरनेटवर टाकलं आणि लोकांना ते इतकं आवडलं की तिने आणखी कार्टून केली. जिलेबी खाऊन बटर गरगर फिरला. कलिंगड खाऊन नदीसारखा वाहत गेला. सुट्टीला किनाऱ्यावर येणारी माणसं मला ओळखू लागली.

"अरे, हा तर कार्टूनवाला बटर! घाल काहीतरी, उडतो का बघू!"

"अहो, नका देऊ त्याला!" कृतिकाची आई, मंदाताई, फाटकातून ओरडायच्या. तोवर मी गिळलेलं असायचं. खरं सांगतो, मला ते कौतुक हवंहवंसं वाटायचं.

एका रविवारी कुणाचा तरी वाढदिवस होता. काळाभोर चॉकलेटचा केक मोठ्या प्रेमाने माझ्यापुढे आला. दुपारपर्यंत माझे पाय लटपटू लागले, उलट्या थांबेनात. कृतिकाने मला उचलून रिक्षात घातलं.

"चॉकलेट म्हणजे कुत्र्याला विषच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी सलाईन लावलं.

मला गुंगी आली. वाटलं, मी खरंच वर चाललोय. खाली वाडी, विहीर, वाळूवरच्या होड्या लहान लहान होत गेल्या. समुद्राचा आवाजही उरला नाही. तिथे काहीच दुखत नव्हतं. तेवढ्यात फार खालून कुणीतरी हाक मारली, "बटर, ये ना रे." तो आवाज रडका होता. त्याला तसं सोडून मला पुढे जाववेना. डोळे उघडले तेव्हा माझं डोकं कृतिकाच्या मांडीवर होतं.

मी बरा झालो, पण कृतिकाने पेन हातात घेणंच सोडलं. संध्याकाळची ती खसखस बंद झाली.

"किती दिवस अशी बसणार, बाय?" मंदाताईंनी विचारलं.

"आई, हे लोकांना मीच शिकवलं."

"मग आता दुसरंही तूच शिकव."

कृतिका बराच वेळ माझ्या कानामागे खाजवत राहिली. मग उठून टेबलाशी बसली.

नव्या कार्टूनमध्ये बटर उडता उडता मध्येच थांबतो, बघणाऱ्यांकडे वळतो आणि पोट सावरत म्हणतो, "हे सगळं चित्रातल्या बटरसाठी हं! खरा बटर साधा भात खातो." आणि पुन्हा ढेकर देतो.

आता मुलं फाटकाशी येऊन ओरडतात, "खरा बटर भात खातो!" आणि मंदाताईंना विचारल्याशिवाय काही देत नाहीत.

मित्रांनो, आम्हाला नाही म्हणता येत नाही. तुम्ही प्रेमाने पुढे केलेलं सगळं आम्ही खातो. म्हणून आधी आमच्या माणसाला विचारा. आणि द्यायला काही नसलं, तरी या. मोकळा हात माझ्या पाठीवर ठेवा. ऊन उतरेपर्यंत आपण दोघं वाळूत बसू.